योग आणि क्षेम : इंग्लंडमधील सिक्स्थ फॉर्म आणि विद्यार्थ्यांच्या देखभालीचा इतिहास

(१)

इंग्लंडच्या शैक्षणिक इतिहासात 'पास्टोरल केअर' ह्या नावाची दोन पुस्तके आढळतात. त्या दोहोंत सुमारे एक हजार ऐंशी वर्षांचे अंतर आहे. पहिले पुस्तक पोप ग्रेगरीने सहाव्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमध्ये रचले आणि नवव्या शतकाच्या शेवटच्या दशकात वेसेक्सचा राजा आल्फ्रेड ह्याने ते प्राचीन इंग्रजीत उतरविले. दुसरे पुस्तक मायकेल मार्लंड ह्या शाळाप्रमुखाने इ. स. १९७४ मध्ये शिक्षकांसाठी लिहिले. पहिल्याचा विषय बिशपने आपल्या अनुयायांचा सांभाळ कसा करावा हा होय; दुसऱ्याचा विषय शाळेने आपल्या विद्यार्थ्यांचा सांभाळ कसा करावा हा होय. वरवर पाहता हे नामसाम्य केवळ योगायोगाचे वाटते. परंतु आल्फ्रेडने आपल्या भाषांतरास जोडलेली प्रस्तावना वाचली म्हणजे ह्या दोन पुस्तकांतील नाते इतके सैल नाही, हे ध्यानात येते.

त्या प्रस्तावनेत आल्फ्रेड देशातील विद्येच्या ऱ्हासाबद्दल खेद व्यक्त करतो आणि एक योजना मांडतो. ज्यांची ऐपत आहे अशा स्वतंत्र कुळांतील सर्व मुलांना, ती अन्य कामास योग्य होईपर्यंत, इंग्रजी लिखाण नीट वाचता येईल इतके शिक्षण द्यावे. आणि त्यांतून ज्यांना पुढे न्यावयाचे असेल त्यांना त्यानंतर लॅटिनचे अध्ययन करू द्यावे, असा तिचा आशय आहे. सर्वांसाठी एक टप्पा आणि निवडलेल्या थोड्यांसाठी त्यापुढचा दुसरा टप्पा, ही कल्पना येथे स्पष्ट दिसते. ती ज्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आली त्या ग्रंथाचे प्राचीन इंग्रजी नाव 'मेंढपाळाचे पुस्तक' ह्या अर्थाचे आहे, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे. 'पास्टोरल' ह्या शब्दाच्या मुळाशी असलेला लॅटिन धातू चारणे, खाऊ घालणे ह्या अर्थाचा आहे. म्हणजे मूळ कल्पनेत राखणे आणि पोसणे ह्या दोन क्रिया वेगळ्या नव्हत्या. मेंढपाळ कळपाची राखण करतो ती त्याला चरावयास नेता नेताच.

संस्कृतात आणि मराठीत ह्या जोडकल्पनेसाठी 'योगक्षेम' हा नेमका शब्द आहे. जे मिळालेले नाही ते मिळवून देणे हा योग आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण करणे हा क्षेम. विद्यार्थ्याच्या बाबतीत अध्ययनात साहाय्य करणे हा योग म्हणता येईल आणि त्याच्या प्रकृतीची, मनाची व परिस्थितीची काळजी वाहणे हा क्षेम. इंग्लंडमधील सोळा ते अठरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा इतिहास म्हणजे ही दोन अंगे एकत्र कशी होती, ती वेगळी कशी झाली आणि वेगळी झाल्यावर त्यांना पुन्हा जोडण्याचे प्रयत्न कसे झाले, ह्याचा इतिहास होय. तो येथे संक्षेपाने पाहावयाचा आहे.

(२)

प्रथम 'सिक्स्थ फॉर्म' ह्या संज्ञेचा विचार केला पाहिजे. आपल्याकडील सहाव्या इयत्तेशी तिचा काहीही संबंध नाही. इंग्लंडच्या जुन्या शाळांत 'फॉर्म' म्हणजे वर्ग. हा शब्द मुले ज्या लांब बाकावर बसत त्या बाकावरून आला, अशी लोकप्रिय व्युत्पत्ती आहे. परंतु कोशकारांनी तीविषयी शंका घेतली असून, श्रेणी अथवा क्रम ह्या अर्थी लॅटिनमध्ये वापरला जाणारा 'फोर्मा' हा शब्द अधिक संभाव्य मानला आहे. काहीही असो, जुन्या शाळांत सर्वांत वरचा वर्ग सहावा असे आणि त्यामुळे विद्यापीठाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांच्या गटास ते नाव पडले. पुढे वर्गांची संख्या बदलली, गणनापद्धतीही बदलली. अलीकडे ह्या दोन वर्षांना बारावे व तेरावे वर्ष असे क्रमांक आहेत. तरीही जुने नाव टिकून राहिले. आपल्याकडील अकरावी व बारावी ह्या इयत्ता वयाच्या दृष्टीने तिच्या सर्वांत जवळच्या होत.

दुसरा शब्द 'ट्यूटर'. आज ह्या शब्दाने शिकविणारा असा बोध होतो. परंतु मूळ लॅटिन धातूचा अर्थ पाहणे, नजर ठेवणे, रक्षण करणे असा आहे. रोमन कायद्यात अज्ञान मुलाच्या पालकास ही संज्ञा होती. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील महाविद्यालयांत सोळाव्या व सतराव्या शतकांत ट्यूटर हा कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्याच्या वर्तनाबद्दल जबाबदार असे, बहुधा त्याच्या पैशाचा हिशेबही ठेवीत असे आणि त्याचे अध्ययनही करून घेत असे. अर्थाचा हा प्रवास बोलका आहे. रक्षणकर्ता शिक्षक झाला; नंतर शिक्षकपणच उरले आणि रक्षणाचा अर्थ मागे पडला. विसाव्या शतकात इंग्लंडच्या शाळांनी 'फॉर्म ट्यूटर' हे पद रूढ केले तेव्हा शब्द पुन्हा आपल्या मूळ अर्थाकडे वळला. कारण हा ट्यूटर आपल्या गटास बहुधा कोणताही विषय शिकवीत नाही, तो केवळ त्याची विचारपूस करतो. एकाच शब्दाने दोन टोके गाठावी आणि मधले ऐक्य मात्र हरवावे, असे येथे घडले आहे.

(३)

सिक्स्थ फॉर्मला विशिष्ट नैतिक स्थान मिळवून देण्याचे श्रेय परंपरेने टॉमस आर्नल्ड ह्यास दिले जाते. आर्नल्ड हा इ. स. १८२८ पासून १८४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत रग्बी शाळेचा मुख्याध्यापक होता. वरिष्ठ विद्यार्थ्यांच्या हाती शिस्तीचे अधिकार देण्याची रीत त्याने शोधून काढली नाही. विंचेस्टरसारख्या शाळांत ती पूर्वापार होती आणि आर्नल्ड स्वतः विंचेस्टरचाच विद्यार्थी होता. त्याने केले ते असे की, ह्या वरिष्ठ वर्गाचे अध्यापन स्वतःकडे घेतले, शाळेच्या प्रार्थनामंदिरातील धर्मोपदेशकाचे कामही काही वर्षांतच स्वतःकडे घेतले आणि ह्या दोन्ही भूमिकांतून त्याच मुलांशी संबंध ठेवला. त्यांना तो आपल्या घरी जेवावयास बोलावी. सुटीत सरोवरांच्या प्रदेशातील आपल्या निवासस्थानीही त्यांतील काहींना निमंत्रण असे. शाळेच्या वसतिगृहांची व्यवस्था पूर्वी बाहेरच्या गृहस्वामिनींकडे असे. ती त्याने क्रमाने शिक्षकांकडे आणली. वर्गात शिकविणारा, रात्री दिवे मालवताना विचारपूस करणारा आणि रविवारी उपदेश करणारा, ह्या माणसांतील अंतर अशा रीतीने कमी झाले.

योग आणि क्षेम ह्यांचे ऐक्य म्हणून ह्या व्यवस्थेचे वर्णन करण्याचा मोह होतो आणि आर्नल्डच्या विद्यार्थ्यांनी तसे केलेही. आर्थर स्टॅन्ली ह्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेले चरित्र आणि टॉमस ह्यूज ह्याची १८५७ मधील 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' ही कादंबरी ह्यांनी ती प्रतिमा जगभर नेली. परंतु इतिहासकाराने तिची दुसरी बाजू दृष्टिआड करता कामा नये. आर्नल्डचा जिव्हाळा वरच्या वर्गातील थोड्या मुलांपुरता होता. त्या मुलांना मिळालेला अधिकार खालच्या वर्गांतील मुलांवर चालत असे. लहान मुलांकडून मोठ्यांनी वैयक्तिक सेवा करून घेण्याची प्रथा त्याने मोडली नाही, उलट तिचे समर्थन केले. शाळेत राहून ज्याचे हित होणार नाही असे त्यास वाटे त्या मुलास काढून नेण्याविषयी तो पालकांना सांगे. म्हणजे हा मेंढपाळ कळप सांभाळी, परंतु कळपात कोण राहील हे आधी ठरवी. शिवाय ही सारी मुले संपन्न अथवा सुस्थित घरांतील होती. विद्यापीठ म्हणजे काय, तेथे कसे जावयाचे, अपयश आल्यास पुढे काय, ह्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्या घरी तयार होती. शाळेने जो क्षेम वाहिला तो बहुतांशी नैतिक होता. ऐहिक क्षेम घराने आधीच वाहिलेला होता.

ही गोष्ट मुलींच्या शाळांच्या इतिहासाशी ताडून पाहिली म्हणजे अधिक स्पष्ट होते. फ्रान्सिस मेरी बस ह्यांनी १८५० मध्ये नॉर्थ लंडन कॉलिजिएट स्कूल स्थापन केले आणि डॉरोथिया बील ह्या १८५८ मध्ये चेल्टनम लेडीज कॉलेजच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या विद्यार्थिनींना विद्यापीठाची वाट घरी माहीत नव्हती. किंबहुना ती वाट अजून तयारच व्हावयाची होती. त्यामुळे अध्यापनाबरोबरच परीक्षांना बसण्याची परवानगी मिळविणे, पालकांचे मन वळविणे आणि पुढील आयुष्यासाठी मार्ग काढणे, हेही ह्या शाळांचे काम झाले. मुलाच्या शाळेत घर जे करीत असे ते येथे शाळेला करावे लागले. पुढील शतकात कामगारवर्गातील मुलांच्या बाबतीत हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहावयाचा होता.

(४)

इ. स. १९०२ च्या शिक्षण कायद्याने स्थानिक शिक्षणमंडळांच्या हाती माध्यमिक शिक्षण आले आणि सरकारी ग्रामर शाळा वाढू लागल्या. त्यांनी आपला आदर्श जुन्या निवासी शाळांकडून घेतला: 'हाऊस' आले, प्रीफेक्ट आले, सिक्स्थ फॉर्मही आला. पण ह्या शाळा दिवसाच्या होत्या. संध्याकाळी मूल घरी जाई, आणि ते घर आता शाळेच्या संस्कृतीशी परिचित असेलच असे नव्हते. १९१८ पासून हायर स्कूल सर्टिफिकेटची परीक्षा सुरू झाली; १९२० मध्ये सरकारी शिष्यवृत्त्यांचा आरंभ झाला. १९४४ च्या कायद्याने सरकारी माध्यमिक शाळांतील फी रद्द केली आणि १९५१ मध्ये सर्टिफिकेटच्या जागी सामान्य प्रमाणपत्र परीक्षेचे साधारण व उच्च स्तर आले. उच्च स्तर म्हणजेच पुढे 'ए लेव्हल' ह्या नावाने सर्वतोमुखी झालेली परीक्षा होय.

दार उघडले, परंतु आत आलेल्यांपैकी पुष्कळजण वरच्या मजल्यापर्यंत पोचेनात. केंद्रीय सल्लागार मंडळाने १९५४ मध्ये 'अर्ली लीव्हिंग' हा अहवाल सादर केला. अकराव्या वर्षी गुणवत्तेने निवडलेल्या कामगारवर्गीय मुलांपैकी मोठा भाग सिक्स्थ फॉर्म गाठण्याआधीच शाळा सोडून जातो, आणि ह्याचे कारण बुद्धीपेक्षा घरच्या परिस्थितीत अधिक शोधले पाहिजे, हे त्याने दाखविले. ब्रायन जॅक्सन व डेनिस मार्सडेन ह्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ह्या आकड्यांमागची माणसे दिसली. हडर्सफील्ड ह्या गिरणगावातील, ग्रामर शाळेचा पूर्ण अभ्यासक्रम पार केलेल्या ८८ कामगारवर्गीय मुलामुलींची ही हकीकत आहे. ही यशस्वी मुले होती, हे येथे विशेष लक्षात घेतले पाहिजे. तथापि यश मिळविताना घर आणि शाळा ह्यांच्यामध्ये त्यांची जी ओढाताण झाली, कोणते विषय घ्यावे, कोणत्या विद्यापीठाकडे अर्ज करावा हे विचारावयास आईबापांना कोणी नव्हते, आणि शाळेलाही ते सांगण्याची गरज वाटली नाही, ह्याचे जे चित्र त्यांत उमटले ते ग्रामर शाळांच्या आत्मविश्वासास धक्का देणारे होते. ह्या शाळा योग देत होत्या. क्षेम घराकडून येतो असे त्यांनी गृहीत धरले होते.

ह्याच सुमारास सिक्स्थ फॉर्मची सर्वांत प्रसिद्ध व्याख्या झाली. सर जेफ्री क्राउदर ह्यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने १९५९ मध्ये पंधरा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांच्या शिक्षणावर अहवाल दिला आणि सिक्स्थ फॉर्मची पाच लक्षणे सांगितली: विद्यापीठाशी निकटचा संबंध, विषयनिष्ठा, स्वतंत्र अध्ययन, बौद्धिक शिष्यत्व आणि सामाजिक जबाबदारी. ह्यांतील चौथे लक्षण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. विषयाचा जाणकार शिक्षक आणि त्याच्याभोवतीचा लहानसा गट, त्यांतून विद्येबरोबर विचारपद्धतीचा व वृत्तीचाही संस्कार, असा ह्या शिष्यत्वाचा आशय होता. 'अंतेवासी' ह्या आपल्या जुन्या शब्दात जे सामीप्य सूचित होते, त्याचेच हे आधुनिक रूप म्हणावयास हरकत नाही. परंतु सामीप्याला संख्येची मर्यादा असते. सहा विद्यार्थ्यांच्या गटात जे आपोआप घडते ते वीसांच्या गटात योजून घडवावे लागते. क्राउदर अहवालाने ज्या वेळी हे लक्षण नोंदविले, त्याच वेळी सिक्स्थ फॉर्मची वाढ ते लक्षण दुर्मीळ करू लागली होती. संस्थेची व्याख्या बहुधा ती बदलू लागल्यावरच केली जाते, ह्याचे हे एक उदाहरण होय.

(५)

'पास्टोरल केअर' ही संज्ञा शाळांच्या व्यवहारात रुळली ती ह्यानंतर, आणि ती आली सर्वसमावेशक म्हणजे काँप्रिहेन्सिव्ह शाळांतून. लंडनमधील किडब्रूक ही मुलींची शाळा १९५४ मध्ये उघडली तेव्हा तेथे सुमारे दोन हजार विद्यार्थिनींची सोय होती. एवढ्या मोठ्या शाळेत कोणत्याही मुलीला कोणीतरी नावाने ओळखावे, ह्यासाठी व्यवस्था निर्माण करणे भाग होते. काही शाळांनी 'हाऊस' पद्धती स्वीकारली, काहींनी वर्षनिहाय विभाग केले. गृहप्रमुख, वर्षप्रमुख, फॉर्म ट्यूटर अशी पदांची उतरंड तयार झाली. १९६५ च्या शासकीय परिपत्रकानंतर देशभर काँप्रिहेन्सिव्ह शाळा वाढल्या तशी ही उतरंडही पसरली. त्याच वर्षी कील व रेडिंग ह्या विद्यापीठांत शिक्षकांसाठी समुपदेशनाचे अभ्यासक्रम सुरू झाले. १९८२ मध्ये ह्या क्षेत्रातील शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

मार्लंड ह्यांचे पुस्तक ह्या चळवळीच्या मध्यभागी येते. विद्यार्थ्यांची देखभाल हा शिक्षकाच्या सद्भावनेवर सोडण्याचा विषय नसून तो आखणीचा, प्रशिक्षणाचा आणि वेळापत्रकाचा विषय आहे, हा त्याचा मुख्य आग्रह होता. पुढे त्यांनी ह्या कामालाही स्वतःचा एक अभ्यासक्रम असला पाहिजे, ही कल्पना मांडली. अध्ययन कसे करावे, निर्णय कसा घ्यावा, मदत कोठे मागावी ह्या गोष्टी संकट ओढवल्यावर नव्हे तर आधी शिकवाव्यात, असे तिचे तात्पर्य होते.

ह्या मांडणीवर महत्त्वाचा आक्षेप आला तो रॉन बेस्ट, सी. बी. जार्व्हिस आणि पीटर रिबिन्स ह्यांच्याकडून. देखभालीच्या नावाखाली प्रत्यक्षात शिस्त, उपस्थिती व कारभार ह्यांचीच कामे चालतात आणि 'काळजी' हा शब्द नियंत्रणास सौम्य रूप देतो, असे त्यांनी १९७७ पासूनच्या लेखनात दाखविले. मेंढपाळाच्या हाती काठीही असते, ह्याची ही आठवण होती. परंतु ह्याहूनही खोल अडचण पदांच्या रचनेतच होती. शाळेत आता दोन शिड्या उभ्या राहिल्या: एक विषयप्रमुखांची, दुसरी देखभाल पाहणाऱ्यांची. निबंध वेळेवर न देणारा विद्यार्थी पहिल्या शिडीवरील शिक्षकाच्या दृष्टीने आळशी ठरे. त्याच विद्यार्थ्याची आई आजारी असून तो धाकट्या भावंडांना सांभाळतो, ही माहिती दुसऱ्या शिडीवरील शिक्षकाच्या कपाटात राही. दोघेही आपले कर्तव्य चोख करीत आणि विद्यार्थी दोघांच्या मधून निसटून जाई.

(६)

सिक्स्थ फॉर्म स्वतंत्र संस्थेत नेण्याची कल्पना क्रॉयडन येथे १९५४ मध्ये मांडली गेली, पण ती त्या वेळी स्वीकारली गेली नाही. लूटन येथे १९६६ मध्ये स्वतंत्र सिक्स्थ फॉर्म महाविद्यालय सुरू झाले आणि अशा संस्थांच्या वाढीचा आरंभ सामान्यतः तेथून मानला जातो. ह्या संस्थांचा लाभ उघड होता: विषयांची विविधता, प्रौढ वागणूक, गणवेश व घंटा ह्यांच्या जाचातून सुटका. तोटाही तितकाच उघड होता. सोळाव्या वर्षी येणारा विद्यार्थी येथे नवखा असतो. पूर्वीच्या शाळेत त्याला अकराव्या वर्षापासून पाहिलेले शिक्षक होते. येथे त्याला ओळखावयास दोन वर्षेही पुरी मिळत नाहीत, कारण दुसऱ्या वर्षाच्या आरंभीच विद्यापीठाचे अर्ज आणि त्यांसोबतचे शिफारसपत्र तयार व्हावे लागते. म्हणून ह्या महाविद्यालयांनी वैयक्तिक ट्यूटर ही संस्था अत्यंत काळजीपूर्वक उभी केली. ठरलेल्या वेळी गटाची बैठक, प्रत्येकाशी स्वतंत्र संभाषण, विषयशिक्षकांकडून आलेल्या अभिप्रायांचे एकत्रीकरण आणि विद्यापीठाच्या अर्जासाठी मार्गदर्शन, अशी तिची कामे ठरली. विषयशिक्षक आणि क्षेमकर्ता ह्यांच्यामधील दुवा म्हणून ट्यूटरची योजना झाली. दोन शिड्यांमध्ये टाकलेली ही फळी होती.

१९९२ च्या कायद्यान्वये ही महाविद्यालये १ एप्रिल १९९३ पासून स्थानिक शिक्षणमंडळांच्या ताब्यातून निघाली आणि प्रत्येक संस्थेला विद्यार्थिसंख्येनुसार केंद्रीय अनुदान मिळू लागले. ह्याचा एक परिणाम असा झाला की, ट्यूटरचे काम हिशेबाच्या वहीत स्वतंत्र रकान्यात आले. ट्यूटरबरोबरच्या बैठका, मार्गदर्शन व अवांतर उपक्रम ह्यांसाठी प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला ११४ तासांचे अनुदान गृहीत धरले जाऊ लागले होते. शासकीय खर्चात कपात करण्याच्या धोरणानुसार २०११ मध्ये हे तास ३० वर आणण्यात आले. त्याच सुमारास आणखी एक आधार गेला. गरीब घरांतील सोळा ते एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यांना उत्पन्नानुसार आठवड्याला १०, २० किंवा ३० पौंड देणारा शिक्षणनिर्वाह भत्ता २००४ मध्ये इंग्लंडभर लागू झाला होता. तो २०११ मध्ये बंद होऊन त्याजागी संस्थांच्या हाती बराचसा निर्णय सोपविणारा, आकाराने लहान असा साहाय्यनिधी आला. ह्याच्या पाठोपाठ, २००८ च्या कायद्यानुसार शिक्षण अथवा प्रशिक्षण चालू ठेवण्याचे बंधन २०१३ मध्ये सतराव्या आणि २०१५ मध्ये अठराव्या वर्षापर्यंत वाढविण्यात आले. म्हणजे ज्या वर्षांत अधिक आणि अधिक अडचणींतील विद्यार्थी आत येणार हे कायद्याने ठरविले, नेमक्या त्याच वर्षांत त्यांच्या सांभाळाची तरतूद आटली.

येथे एक विचार करण्याजोगा पेच आहे. आर्नल्डने आपल्या विद्यार्थ्यांना दिलेला वेळ कोणी मोजला नाही, म्हणून तो कोणी कापूही शकला नाही. पण मोजला नाही म्हणूनच तो कोणाला मिळतो व कोणाला नाही, हे विचारण्याचीही सोय नव्हती. ११४ तासांचा आकडा लिहिला गेल्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याचा हक्क स्पष्ट झाला; आणि लिहिला गेल्यामुळेच तो एका आदेशाने ३० करता आला. न्याय हवा तर मोजदाद हवी, आणि मोजदाद आली की छाटणीही येते. ह्या पेचातून सुटण्याचा मार्ग जुन्या काळाकडे परत जाणे हा नव्हे, कारण त्या काळातील जिव्हाळा थोड्यांसाठीच होता. इतकेच म्हणता येईल की, तास कमी झाल्यावरही ज्या संस्थांत विषयशिक्षकाने क्षेमाची जबाबदारी दुसऱ्याची मानली नाही, तेथे नुकसान कमी व्हावे अशी अपेक्षा करण्यास ह्या इतिहासात आधार आहे.

(७)

२०२० मधील एका प्रसंगाने हा प्रश्न सर्वांसमोर आणला. साथीमुळे मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि उन्हाळ्यातील परीक्षा रद्द झाल्या. प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षेत कोणती श्रेणी मिळाली असती ह्याचा अंदाज त्याच्या शिक्षकांनी कळवावा, असे ठरले. तथापि १३ ऑगस्टला जाहीर झालेले ए लेव्हलचे निकाल, शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांवर आधारलेल्या एका गणिती सूत्राने सुधारलेले होते. आणि अनेक विद्यार्थ्यांच्या श्रेणी त्यामुळे खाली आल्या. तीव्र विरोधानंतर १७ ऑगस्टला हे सूत्र मागे घेण्यात आले आणि शिक्षकांचे अंदाज ग्राह्य धरण्यात आले. ह्या अंदाजांत औदार्याचा दोष होता, असेही नंतर बोलले गेले आणि ते अगदीच निराधार नव्हते. परंतु मूळ मुद्दा निराळा आहे. परीक्षा नाहीशी झाली तेव्हा विद्यार्थ्याविषयीचे ज्ञान फक्त दोन ठिकाणी उरले: संस्थेच्या पूर्वेतिहासात आणि त्याला ओळखणाऱ्या माणसाजवळ. पूर्वेतिहास हा विद्यार्थ्याचा नसतो, तो त्याच्या आधी गेलेल्यांचा असतो. ज्या शाळेतून पूर्वी फारसे कोणी वर गेले नाही त्या शाळेतील हुशार मुलीला त्या सूत्रात जागा नव्हती. तिला ओळखणारा शिक्षकच तिच्या बाजूने साक्ष देऊ शकत होता.

महाराष्ट्रातील वाचकास हा इतिहास अगदी परका नाही. १९६४ ते १९६६ ह्या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने दहा वर्षांनंतर दोन वर्षांच्या उच्च माध्यमिक टप्प्याची शिफारस केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव महाराष्ट्रातील शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे होते आणि लंडनच्या शिक्षणसंस्थेचे संचालक एच. एल. एल्विन हे त्याचे एक सदस्य होते. प्रत्येक माध्यमिक शाळेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, हे अंतिम ध्येय आयोगाने सांगितले. परंतु साधनांच्या अभावी तूर्त दहा शाळांच्या गटामागे एक फिरता समुपदेशक नेमावा आणि साधी कामे शिक्षकांनी करावी, असे सुचविले. दहा शाळांना एक माणूस, हे प्रमाण आयोगाच्या कळकळीचे नव्हे तर देशाच्या दारिद्र्याचे द्योतक होते. पण त्या शिफारशीचा दुसरा भाग, म्हणजे साधी कामे शिक्षकांनी करावी हा, केवळ काटकसरीचा उपाय मानण्याचे कारण नाही. वर पाहिलेल्या इतिहासावरून दिसते की, तोच कदाचित मुख्य भाग होय.

आल्फ्रेडच्या प्रस्तावनेत ऐपत असलेल्या मुलांचाच विचार होता. त्यानंतरची अकरा शतके ही त्या अटीच्या हळूहळू शिथिल होण्याची शतके आहेत. इंग्लंडमधील सिक्स्थ फॉर्म प्रथम ऐपतदारांचा होता, मग गुणवंतांचा झाला आणि २०१५ नंतर सोळा ते अठरा वर्षांच्या कोणासही शिक्षणाबाहेर राहण्याची मुभा उरली नाही. प्रत्येक टप्प्यावर घराने पूर्वी वाहिलेला भार शाळेकडे सरकला, आणि प्रत्येक टप्प्यावर तो भार कोणीतरी दुसरा वाहील, असे शिकविणाऱ्यास वाटले. 'योगक्षेम' हा समास द्वंद्व आहे. त्यातील दोन्ही पदे सारखीच प्रधान असून विग्रह करताना 'आणि' म्हणावे लागते. त्याचा विग्रह व्याकरणात सोपा आहे. शाळेत तो केला म्हणजे विद्यार्थी त्या 'आणि'मध्ये हरवतो, असे हा इतिहास सांगतो.